ब्लेझिंग सॅडल्स : वर्णद्वेषावरचा विडंबनपट गटानं बघण्यासारखा आहे का?

डहाणूकर_कॉलनी

आमच्या सोसायटीत काही जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून प्रोजेक्टरवर सिनेमा बघतो आणि नंतर तासभर बोलतो. दहा-बारा जण असतात, वय सतरापासून सत्तरपर्यंत. पुढच्या महिन्याचा विषय 'भेदभावावरचा विनोद' असा ठरलाय आणि मेल ब्रूक्सचा 'ब्लेझिंग सॅडल्स' (१९७४) सुचवला गेलाय. कथा वाचली : वेस्टर्न म्हणजे अमेरिकी काउबॉयपटांचं विडंबन, गोऱ्यांच्या गावात काळा शेरीफ (गावचा पोलीसप्रमुख) नेमला जातो वगैरे.

ठरवण्याआधी इथल्या जाणकारांना विचारायचंय.

पन्नास वर्षांपूर्वीचा विनोद आज हसवतो का, की निव्वळ 'महत्त्वाचा सिनेमा' म्हणून बघायचा? काळ्या लोकांसाठीची ती कुप्रसिद्ध शिवी यात सतत येते म्हणतात. गटात जातीचे चटके सोसलेले लोक आहेत, त्यांना तो विनोद आपल्यावरच आल्यासारखा वाटेल का? निम्म्या लोकांनी 'शोले'पलीकडे वेस्टर्न धाटणीचं काही पाहिलेलं नाही, मग विडंबन पोचणार कसं? आणि ज्येष्ठांना अमेरिकन उच्चार झेपत नाहीत, त्यामुळे सबटायटल लागतील. मराठीत करून घ्यायची आमची तयारी आहे.

'बघा' किंवा 'बघू नका' एवढ्यावर न थांबता कारणं सांगा, ही विनंती.

---

प्रभातरोड

बघा. नुसता ऐतिहासिक म्हणून नको, हसण्यासाठीच बघा. वर्णद्वेषावर विडंबन करताना सिनेमे बहुतेक ज्या ठिकाणी घसरतात, तिथे हा कसा उभा राहतो ते मात्र नीट पाहायला हवं.

आधी कथेचा सांगाडा, कारण विनोदाची सगळी यंत्रणा त्यावर बसवलेली आहे. साल १८७४. रेल्वेमार्गाच्या वाटेत रुतवणारी वाळू लागते, म्हणून मार्ग रॉक रिज नावाच्या गावातून वळवायचं ठरतं. त्या जमिनीला आता सोन्याचा भाव येणार. हेडली लमार हा सरकारी वकील गाव रिकामं करायला टपलेला. गुंड पाठवूनही गाव हलत नाही, तेव्हा तो फाशीची शिक्षा झालेल्या बार्ट या काळ्या रेल्वेमजुराला शेरीफ नेमतो. हिशेब सरळ आहे : गाव याला मारेल किंवा गाव सोडेल, दोन्हीत फायदा लमारचाच. म्हणजे सिनेमातला द्वेष नुसता गावकऱ्यांच्या डोक्यात नाही, जमिनीच्या व्यवहारासाठी कुणीतरी तो वापरून घेतोय. म्हणूनच आज बघतानाही सिनेमा पोकळ वाटत नाही.

आता विनोद कुणावर आहे ते बघा. पहिल्याच प्रसंगात गोरा मुकादम उन्हात राबणाऱ्या काळ्या मजुरांना फर्मावतो की तुमची ती गुलामगिरीच्या काळातली गाणी म्हणा. बार्ट आणि मजूर एकमेकांकडे बघतात आणि कोल पोर्टरचं नाजूक, शहरी प्रेमगीत सुरात म्हणायला लागतात. मुकादम वैतागतो. 'असं नाही, असं म्हणायचं' म्हणून तो आणि त्याचे साथीदार स्वतःच ते जुनं गाणं म्हणत नाचायला लागतात. मजूर उभे राहून बघतायत आणि नाचतायत गोरे. काळ्या माणसाचं जे सोंग गोऱ्यांच्या डोक्यात होतं ते गोऱ्यांच्याच अंगावर चढलं. एक वाक्यही उपदेशाचं नाही.

त्याच्या लगेच पुढचा प्रसंग याहून कडक आहे. बार्ट आणि त्याचा सोबती रुळावरच्या हातगाडीसकट वाळूत रुततात. मुकादमाचा वरिष्ठ टॅगर्ट दोर टाकायला लावतो, पण दोर गाडीला. चारशे डॉलरची गाडी वाचवतात आणि माणसं तिथेच सोडून देतात. दोघे आपल्या बळावर बाहेर येतात. मग बार्ट फावडं उचलतो, आणि त्या फावड्याच्या घावासाठीच त्याला फाशी सुनावलेली असते. प्रेक्षक हसतो, पण गाडीची किंमत त्याच्या लक्षात राहते.

तुमच्या शिवीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. ती शिवी येते, भरपूर येते, आणि बहुतेक वेळा मूर्ख, घाबरट किंवा लबाड गोऱ्यांच्या तोंडी येते. कॅमेरा त्या वेळी बार्टच्या बाजूला असतो. सगळ्या गावात सगळ्यात हुशार, नीटनेटका आणि समजूतदार माणूस तोच. अपवाद एक, तिथे ती बार्टच्याच तोंडी आहे : गावकऱ्यांनी बंदुका रोखल्यावर बार्ट स्वतःचंच पिस्तूल स्वतःच्या मानेला लावतो आणि दोन आवाजांत बोलतो. एक आवाज दरडावणाऱ्या गुंडाचा, दुसरा घाबरलेल्या ओलिसाचा. गाव त्या 'बिचाऱ्या'ला वाचवायला थांबतं आणि तो स्वतःला ओढत कचेरीत नेऊन दार लावून घेतो. गोऱ्यांना काळा माणूस दोनच रूपांत दिसतो, भीती घालणारा किंवा केविलवाणा, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तो दोन्ही रूपं एकदम वठवतो आणि जीव वाचवतो. बार्ट झालेल्या क्लीव्हन लिटलनं हे ज्या सफाईनं केलंय ते पाहण्यासारखं आहे. तो रंगभूमीवरचा नट, १९७० साली 'पर्ली' या संगीतिकेसाठी टोनी पुरस्कार मिळालेला. शब्दफेक आणि अंगाचा ताल दोन्ही तिथलं आहे.

लेखन कुणाचं हेही महत्त्वाचं. पटकथेवर पाच नावं आहेत : मेल ब्रूक्स, नॉर्मन स्टाइनबर्ग, अँड्र्यू बर्गमन, रिचर्ड प्रायर, ॲलन युगर. मूळ कल्पना बर्गमनची. प्रायर हा त्या पिढीतला काळा विनोदवीर, आणि बार्टची भूमिका त्यालाच द्यायची असं ब्रूक्सच्या मनात होतं. स्टुडिओ तयार झाला नाही. पण लेखनाच्या खोलीत प्रायर होता, म्हणून शिवी कुठे टाकायची आणि ती कुणावर उलटवायची याचं भान पानापानात आहे. असा माणूस खोलीत नसला की वर्णभेदावरचं विडंबन हळूहळू वर्णभेदाचीच नक्कल होऊन बसतं. नंतरच्या अनेक सिनेमांत हेच बिघडलेलं दिसतं.

आणखी एक. काळा शेरीफ ही कल्पना इतिहासाला सोडून आहे असं गटात कुणी म्हणेल. बास रीव्ह्ज नावाचा, गुलामीत जन्मलेला माणूस १८७५ पासून डेप्युटी यू.एस. मार्शल, म्हणजे केंद्र सरकारचा पोलीस अधिकारी होता आणि त्यानं अनेक वर्षं ते काम केलं. काळे काउबॉयही पुष्कळ होते. त्यांना गाळून टाकलं ते हॉलीवूडनं. विडंबन त्या गाळलेल्या जागेचं आहे.

---

अलकाचौक

प्रभातरोड यांच्याशी सहमत. मी फक्त तयारीबद्दल लिहितो, कारण हा सिनेमा कोऱ्या पाटीनं बघितला तर निम्मा वाया जातो.

आधी एकच सिनेमा बघायचा असेल तर 'हाय नून' (१९५२). ८५ मिनिटांचा, कृष्णधवल. एकटा मार्शल, गावावर चालून येणारे गुंड आणि मदतीला नकार देणारं गाव. सुरुवातीला एक गंभीर गाणं नायकाचं दुःख सांगतं. रॉक रिजमधली चर्चमधली सभा आणि पळपुटे नागरिक यांचा मूळ साचा तिथे सापडेल. त्या काळात वेस्टर्नची गाणी गाण्यासाठी फ्रँकी लेन प्रसिद्ध होता. 'ब्लेझिंग सॅडल्स'चं शीर्षकगीत ब्रूक्सनं त्याच्याकडूनच गाऊन घेतलं आणि सिनेमा विनोदी आहे हे त्याला सांगितलं नाही. म्हणून तो जीव तोडून गायलाय. गाणं ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलं. चाबकाचे आवाज येतात तिथे लोक आधीच हसायला लागतील, पण गाण्याचा सूर मात्र पूर्ण गंभीर आहे.

वेळ असेल तर 'डेस्ट्री राइड्स अगेन' (१९३९) मधला मार्लीन डीट्रिशचा दारूच्या गुत्त्यातला प्रवेश तेवढा दाखवा. 'ब्लेझिंग सॅडल्स'मधली मॅडलिन कानची गायिका लिली ही थेट त्या डीट्रिशची नक्कल आहे, जर्मन उच्चार, खुर्चीवरचा पाय, कंटाळलेला आवाज सकट. सुरातून हवा तेवढाच बेसूर होणं सोपं नाही. या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकन होतं. मूळ प्रवेश पाहिलेला नसेल तर लोकांना ते नुसतं वाईट गाणं वाटेल.

'शोले'वाल्यांना घाबरायचं कारण नाही. ठाकूरचं गाव, बाहेरून आलेला रक्षक, डाकूंची टोळी, पाण्याच्या टाकीवरचा दारुडा नायक हे सगळं त्याच परंपरेतून आलंय. जीन वाइल्डरचा दारूत बुडालेला नेमबाज त्यांना लगेच ओळखीचा वाटेल.

सिनेमाआधी पाच मिनिटांत एवढं सांगून ठेवा :

हेडली लमार हे नाव ऐकून सगळे त्याला 'हेडी' म्हणतात. हेडी लमार ही १९४० च्या दशकातली हॉलीवूडची प्रसिद्ध नटी. तिनं या विनोदावरून दावा लावला होता आणि प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं.

गव्हर्नरचं नाव ले पेटोमान. हा फ्रान्समध्ये रंगमंचावर पादून कार्यक्रम करणारा खराखुरा कलावंत होता. शेकोटीभोवती घेवडा खाणाऱ्या काउबॉयांचा प्रसंग येतो तेव्हा ही माहिती उपयोगी पडते.

गावात सगळ्यांचं आडनाव जॉन्सन. हॉवर्ड जॉन्सन ही अमेरिकेतली २८ चवींच्या आइस्क्रीमसाठी प्रसिद्ध हॉटेलसाखळी, म्हणून गावातल्या त्याच्या दुकानाच्या पाटीवर एकच चव लिहिलेली आहे. पाटी डोळ्यांवरून सटकन निघून जाते.

वाळवंटात जॅझ संगीतकार काउंट बेसी आपला वाद्यवृंद घेऊन बसलेला दिसतो. तो खरा काउंट बेसी आहे. बार्ट गुचीच्या खोगीर-पिशव्या लावून, पार्श्वसंगीत समजून आपण जे ऐकतो त्याच्याच दिशेनं घोडा नेतो आणि वाजवणारा समोर बसलेला असतो.

शेवटाबद्दल मात्र आधी काही सांगू नका. हाणामारी वेस्टर्नची चौकट फोडून भलतीकडेच जाते, आणि काहींना तो शेवट विस्कळीत वाटतो. माझ्या मते तो या सिनेमाला लागतोच : गुंडांना फसवायला उभारलेल्या खोट्या गावाच्या लाकडी भिंती आपण पाहिलेल्या असतात, मग सिनेमाच्याही भिंती दाखवून ब्रूक्स मोकळा होतो. पण 'गोष्टीचा शेवट' हवा असणाऱ्या मंडळींची तक्रार येणार, तयारी ठेवा.

---

गंजपेठ

चर्चेत आणखी काही मुद्दे यायला हवेत. सिनेमा बघाच, पण कौतुकाच्या भरात त्याच्या उणिवा झाकू नका. भेदभावावरचा विनोद हाच तुमचा विषय आहे.

वर्णाच्या बाबतीत इतका सावध असलेला हा सिनेमा इतर ठिकाणी बेफिकीर आहे. बलात्कारावर केलेले विनोद आहेत आणि त्यांत उलटवून टाकलेलं काहीच नाही, नुसती टाळी आहे. शेवटाकडे नाचणाऱ्या समलिंगी पुरुषांचं चित्रण जुन्या साच्यातलं आहे. काळी बाई जवळजवळ नाहीच. आणि मूळ अमेरिकी टोळीचा सरदार स्वतः मेल ब्रूक्सनं रंग फासून केलाय. तो सरदार यिडिश ही युरोपातल्या ज्यूंची भाषा बोलतो, म्हणजे एका हाकललेल्या समाजाची भाषा दुसऱ्या हाकललेल्या समाजाच्या तोंडी, हे खरं. त्या प्रसंगात गोऱ्यांच्या गाड्यांचा ताफा बार्टच्या कुटुंबाला आपल्या वर्तुळात घेत नाही, म्हणून त्यांची एकुलती गाडी स्वतःभोवतीच गोल फिरत राहते, हेही विसरण्यासारखं नाही. पण भूमिकेसाठी मूळ अमेरिकी नट घेतला नाही ही गोष्ट त्यामुळे मिटत नाही. तुमच्या गटातल्या तरुण मंडळींना हे सगळं खुपेल. त्यांना 'तो काळ वेगळा होता' म्हणून गप्प करू नका.

सतरा वर्षांच्यांना चालेल. अमेरिकेत याला 'आर' प्रमाणपत्र होतं, म्हणजे सतराखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश. त्याहून लहान मुलं त्या दिवशी नकोत.

आता जातीचा प्रश्न. जे लोक आयुष्यभर शिवी ऐकत आलेत त्यांना आधी स्पष्ट सांगा की सिनेमात शिव्या आहेत, कुणाच्या तोंडी आहेत, आणि उठून जायची पूर्ण मोकळीक आहे. ऐनवेळी धक्का देऊन 'बघा, विनोद समजत नाही' असं व्हायला नको. चर्चेत वर्ण म्हणजे जात असं सरळ समीकरणही मांडू नका. रंग लपत नाही. जात आडनाव, गाव, राहती आळी विचारून काढली जाते, आणि तिचे व्यवहार वेगळे आहेत. तुलना करायची तर सिनेमातल्या दोन प्रसंगांवरून करा.

एक : बार्टला पद दिलंय ते अपयशी व्हावा म्हणून. राखीव जागेवरून निवडून आलेल्या सरपंचाला ग्रामसभेत कोरम मिळू न देणं, सह्या अडवणं, अविश्वास ठराव आणणं, हे आपल्याकडे गावोगाव घडतं. पद मिळालं पण गाव बोलत नाही, ही अवस्था महाराष्ट्राच्या प्रेक्षकाला समजावून द्यावी लागत नाही.

दोन : बार्ट रस्त्यात एका म्हाताऱ्या बाईला 'सुप्रभात' म्हणतो आणि ती तोंडावर शिवी देते. पुढे त्यानं मोंगो या धिप्पाड गुंडाला आवरल्यावर तीच बाई संध्याकाळी मागच्या खिडकीशी येते, घरी केलेला 'पाय' हा गोड पदार्थ देते, झाल्याबद्दल क्षमा मागते. आणि जाता जाता विनंती करते की मी तुमच्याशी बोलले हे कुणाला सांगू नका. माझ्या मते सिनेमातला सगळ्यात खरा क्षण हाच. उपकार मान्य आहेत, माणूसही चांगला वाटतोय, पण चारचौघांत ओळख नको. यावर तुमच्या गटात अर्धा तास सहज बोलणं होईल.

आणि पुण्यात बसून बघताय तर एक संदर्भ हाताशी ठेवा. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ साली प्रसिद्ध केलं आणि अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना ते अर्पण केलं. सिनेमाची कथा १८७४ ची. तिकडे पडद्यावर जो काळ मांडलाय त्याच काळात इथल्या पेठेतला माणूस त्या लढ्याकडे लक्ष ठेवून होता. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेवरून नाव घेऊन, हा सिनेमा येण्याच्या दोन वर्षं आधी. म्हणजे 'हा अमेरिकेचा प्रश्न, आपल्याला काय' असं कुणी म्हणालं तर उत्तर तयार आहे.

---

डहाणूकर_कॉलनी

तिघांचेही आभार. सिनेमा नक्की झाला. गंजपेठ, पूर्वसूचनेचं अगदी पटलं, निमंत्रणाच्या मेसेजमध्येच लिहितो.

आता सबटायटल. आमच्यातल्या एकीनं इंग्रजी फाइल घेऊन मराठी करायला सुरुवात केलीय. लॅपटॉपवर अक्षरांऐवजी चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतायत, आणि शेवटी शेवटी ओळी पार मागे पडतायत. पडदा शंभर इंची आहे.

---

सबटायटलवाली

दोन्ही दुखणी नेहमीची आहेत, कारणं वेगवेगळी.

प्रश्नचिन्हं : फाइल जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झालीय. नोटपॅडमध्ये उघडून 'सेव्ह ॲज' करताना यूटीएफ-८ निवडा. आधीच प्रश्नचिन्हं होऊन सेव्ह झालेली फाइल परत सुधारत नाही, मूळ प्रत लागेल. व्हीएलसी या प्लेअरमध्ये सबटायटलच्या सेटिंगमध्येही यूटीएफ-८ करा.

चौकोन : फॉन्टमध्ये देवनागरी नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता बसवा आणि प्लेअरमध्ये तोच फॉन्ट निवडा. 'स्त्री', 'द्वेष', 'लिली', 'र्‍या' अशी चार-पाच अक्षरं असलेली ओळ आधी चालवून बघा. पहिली वेलांटी चुकीच्या जागी पडली किंवा जोडाक्षरं फुटली तर प्लेअर बदला.

ओळी मागे पडणं : सुरुवातीला जुळतंय आणि हळूहळू फरक वाढतोय, म्हणजे फ्रेमचा वेग जुळत नाही. सिनेमा ९३ मिनिटांचा. हाच सेकंदाला २३.९७६ ऐवजी २५ फ्रेमच्या वेगानं चालवला की सुमारे ८९ मिनिटांत संपतो. एकाची सबटायटल दुसऱ्याला लावली तर शेवटी जवळपास चार मिनिटांचा फरक पडतो. हा फरक पुढे-मागे सरकवून जात नाही. सबटायटल एडिट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट बदलण्याची सोय आहे, तिथे २३.९७६ वरून २५ करा, किंवा तुमची प्रत जशी असेल तसं उलट. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तरच व्हीएलसीत 'जी' आणि 'एच' या कळांनी सरकवा, एका दाबाला ५० मिलिसेकंद.

पडदा : सिनेमा २.३९ : १ या रुंद चौकटीत आहे. शंभर इंची १६ : ९ पडदा साधारण २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२४ उंच असतो. त्यात चित्र सुमारे ९२ सेंटिमीटर उंच येईल, वर-खाली सोळा-सोळा सेंटिमीटर काळी पट्टी. अक्षरं खालच्या पट्टीत गेली तर चित्र मोकळं राहतं, आणि या सिनेमात पाट्यांवरचे विनोद आहेत म्हणून ते फार गरजेचं. एमपीव्ही हा प्लेअर पट्टीत अक्षरं आपोआप टाकतो. मागे बसलेल्या ज्येष्ठांसाठी अक्षर पाच-सहा सेंटिमीटरच्या खाली नको, मग पट्टीत दोनच ओळी मावतात.

आता भाषांतर. एका ओळीत ३५-४० अक्षरं, एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, दोन ओळींना चार-पाच सेकंद. विनोदी सिनेमात सगळ्यात मोठी चूक म्हणजे नटानं शेवटचा शब्द उच्चारण्याआधीच तो पडद्यावर येणं. लोक वाचून हसतात आणि खरा विनोद त्या हशात बुडतो. उदाहरण सांगते : गावकऱ्यांनी हिडीसफिडीस केल्यावर वाइल्डर बार्टची समजूत काढतो. हे साधे लोक, या मातीतले, नव्या पश्चिमेचा कणा, असं लांबण लावून तो थांबतो आणि मग एका शब्दात त्यांची अक्कल काढतो. तो शेवटचा शब्द वेगळ्या खुणेवर, वेगळ्या वेळी यायलाच हवा. एकाच ओळीत टाकलात तर प्रसंग मेला. जिथे थांबा आहे तिथे ओळ तोडायची, मग वाक्य व्याकरणानं अर्धं राहिलं तरी चालेल.

शिवी भाषांतरित करू नका. तिच्या जागी इथली जातिवाचक शिवी घालायचा मोह काहींना होतो. ते कायद्यानं आणि माणुसकीनं दोन्हीकडून चुकीचं, शिवाय पडद्यावरचा अर्थच बदलतो. मूळ शब्दाचं पहिलं अक्षर आणि पुढे टिंबं, एवढं पुरे, कानाला तो ऐकू येतोच. लिलीच्या गाण्याचं भाषांतर यमक जुळवत बसू नका, साध्या गद्यात अर्थ द्या. लोकांचं लक्ष तिच्या चेहऱ्यावर राहू द्या.

शेवटी एक परवानगीची गोष्ट. घरातल्या दिवाणखान्यात मित्रमंडळींबरोबर बघणं वेगळं. हाच कार्यक्रम सोसायटीच्या सभागृहात फलक लावून करायचा तर हक्क असणाऱ्या कंपनीची लेखी परवानगी लागते, तिकीट नसलं तरी.

---

कॅम्पातला_प्रेक्षक

थोडं वेगळं मत. 'ब्लेझिंग सॅडल्स' उत्तम आहेच, पण वर्णद्वेषावरचं विडंबन म्हटलं की गाडी दर वेळी गोऱ्या दिग्दर्शकाच्या याच सिनेमावर थांबते. काळ्या दिग्दर्शकांनी केलेलं विडंबन बघितल्याशिवाय विषय पुरा होत नाही. जोडीला एक तरी घ्या.

माझी पहिली पसंती रॉबर्ट टाउनसेंडचा 'हॉलीवूड शफल' (१९८७). नायक नट आहे आणि त्याला सगळीकडे गुंड, दलाल, गुलाम एवढ्याच भूमिका मिळतात. मध्येच तो एका 'काळ्या नटांच्या शाळे'ची जाहिरात कल्पून बघतो : गोरे शिक्षक शिकलेल्या, स्वच्छ इंग्रजी बोलणाऱ्या काळ्या नटांना 'काळ्यासारखं' चालायला-बोलायला शिकवतायत. अलीकडे तुम्ही तो रेल्वेमजुरांच्या गाण्याचा प्रसंग वाचलात ना वर, तोच मुद्दा इथे आतल्या माणसानं मांडलाय, आणि तो जास्त बोचतो, कारण इथे पोटाचा प्रश्न आहे. टाउनसेंडनं हा सुमारे एक लाख डॉलरमध्ये, क्रेडिट कार्डांवर उधारी करून पुरा केला. तुटकपणा आहे, काही तुकडे लांबतात, तरी दीड तासाच्या आत संपतो.

तांत्रिक विडंबनाची मजा हवी तर 'ब्लॅक डायनामाइट' (२००९). १९७० च्या दशकातल्या स्वस्तातल्या काळ्या मारधाडपटांची नक्कल, इतकी काटेकोर की आवाजाचा माइक चौकटीत घुसतो आणि नायक त्याच्याकडे तिरका बघतो. मात्र मूळ सिनेमे माहीत नसतील तर तो तुमच्या गटाला नुसता वाईट सिनेमा वाटण्याचा धोका आहे. तरुणांना 'द ब्लॅकनिंग' जवळचा वाटेल, टिम स्टोरीचा, २०२३ मध्ये प्रदर्शित झालेला. भयपटात काळं पात्र सगळ्यात आधी मरतं हा जुना शिरस्ता, मग सगळीच पात्रं काळी असतील तर आधी कोण? खुनी त्यांनाच ठरवायला लावतो की तुमच्यात सगळ्यात 'काळा' कोण. हा प्रश्न जातीतल्या पोटजातींच्या उतरंडीपर्यंत आपोआप जातो.

वेयन्स बंधूंचा १९९६ चा 'डोन्ट बी अ मेनस' टाळा. तो 'बॉइज एन द हूड' (१९९१) आणि तशाच सिनेमांवर बेतलेला आहे, ते पाहिलेले नसतील तर हाती फक्त बीभत्सपणा उरतो.

---

प्रभातरोड

'हॉलीवूड शफल'ला माझं अनुमोदन. पण दोन्ही एकाच संध्याकाळी नकोत, विनोदाची भूक दीड-दोन तासांची असते. या महिन्यात एक, पुढच्यात दुसरा. गंजपेठ यांनी सांगितलेल्या दोन प्रसंगांत मी एक जोडतो. खोटं रॉक रिज उभारायला बार्ट रेल्वेमजुरांना बोलावतो, काळे, चिनी, आयरिश सगळे. बदल्यात त्यांना गावात जमिनी द्यायच्या. गावकरी अडून बसतात : काळे आणि चिनी चालतील, पण आयरिश नकोत! ती पायरी गावानं तेवढ्यात कुठून काढली, हा प्रश्न गटाला विचारा.

---

डहाणूकर_कॉलनी

ठरलं. 'हाय नून' ज्याचा त्यानं आधी घरी बघायचा, डीट्रिशचा प्रवेश सुरुवातीला दाखवू, मग सिनेमा सलग. 'हॉलीवूड शफल' पुढच्या महिन्यात. सिनेमाची फाइल २५ फ्रेमचीच निघाली, सबटायटलचा वेग बदलल्यावर शेवटची ओळ बरोबर जागी आली. मध्यंतर ठेवावं का?

---

अलकाचौक

शक्यतो नको. ज्येष्ठांसाठी ठेवायचंच असेल तर मोंगोचा प्रसंग आणि त्या म्हाताऱ्या बाईनं क्षमा मागणं झाल्यावर, लिली रंगमंचावर येण्याआधी थांबा. तिथे कथेचा एक टप्पा पुरा होतो आणि तिचा प्रवेश ताज्या डोक्यानं बघता येतो. दहा मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि चहा आधीच थर्मासमध्ये भरून ठेवा, म्हणजे कुणी स्वयंपाकघरात अडकून राहत नाही.